पाव्हण्यांसाठी केलेली जेली

आमच्या भागात जिलेटीन म्हणजे विहीर फोडायची कांडी. कातळ लागला की सुरुंगवाल्याला बोलवायचं. तो भोकं पाडून त्यात जिलेटिनच्या कांड्या भरायचा आणि सगळ्यांना लांब पळायला सांगायचा. त्यामुळे दादाने ट्रंकेतून एक पत्र्याचा डबा काढला आणि "हे जिलेटीन" असं म्हणाला, तेव्हा आप्पा हातातलं वर्तमानपत्र खाली करून म्हणाले, "कुठली विहीर फोडतोयस रं?"

"आवं आप्पा, हे खायाचं असतंय," दादा हसत म्हणाला. "पाव्हण्यांसाठी जेली करायची हाय. आमच्या मेसमधी सायबलोक खात्यात."

"सायबलोक कायबी खात्यात," आप्पा म्हणाले आणि पुन्हा वर्तमानपत्रात गेले.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. आम्ही तेव्हा सांगलीला विश्रामबागेत भाड्याने राहत होतो. गाव आमचं सातारा जिल्ह्यात, कोरेगावच्या बाजूला. तिथलं घर आणि जमीन चुलते बघायचे. आप्पा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, सांगलीच्या एका कारखान्याच्या फाटकावर जमादार म्हणून लागले आणि आम्हाला घेऊन इकडे आले. आई जाऊन दोन वर्षं होत आली होती. मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते आणि स्वयंपाकघर माझ्याकडे होतं. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तोही फौजेतच, पण उत्तरेकडच्या एका छावणीत ऑफिसर लोकांच्या मेसमध्ये. बंदुकीपेक्षा त्याचा हात काचेच्या भांड्यांवर जास्त बसलेला.

त्या खेपेला तो महिन्याच्या सुट्टीवर आला होता ते लग्न ठरवायला. मुलगी तासगावची, द्राक्षबागवाल्यांची. सुपारी फुटली होती, तारीख ठरायची होती. त्यासाठी मुलीचा थोरला भाऊ आणि त्याचे दोन चुलतभाऊ रविवारी दुपारी जेवायला येणार होते. दादाला त्या घराचं दडपण होतं. ते लोक कसे राहतात, काय खातात, हे तो मला सारखं सांगायचा, आणि सांगताना आपल्या घराच्या भिंतींकडे बघायचा.

आप्पा ड्यूटीवर गेल्यावर त्याने मला खरी गोष्ट सांगितली. ट्रंकेच्या तळाशी, लोकरीच्या जर्सीत गुंडाळलेल्या, फौजेच्या कोट्यातल्या रमच्या दोन बाटल्या होत्या.

"फौजी जावई म्हटल्यावर रम तर निघायला पायजे," तो म्हणाला. "न्हाई निघाली तर म्हणतील, ह्याला कोण इचारतंय तिकडं."

"आणि आप्पा?"

"त्याच्यासाठीच तर जेली. बाटली बाहेर काढायचीच न्हाई. मेसमधी नाताळाला एका कॅप्टनच्या बायकोनं शिकवली. गार पाण्याच्या जागी रम घालायची. वाटीत लाल जेली दिसती, पोरंसोरं खात्यात तशी. खाल्ल्यावर कळतंय. आप्पांच्या नजरंला काय बी पडत न्हाई."

मी म्हणाले, "वास येईल."

"रासबेरीचा येतो," दादा म्हणाला. "आणि आप्पांची सकाळची ड्यूटी हाय. दोनला येतील. तवर जेली संपून आमी मटणावर आलेलो असू."

मी याहून जास्त काही बोलले नाही. बोलायला हवं होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण दादा वर्षातून एकदा घरी यायचा, आणि आई गेल्यापासून तो घरात हसताना मी पहिल्यांदा बघत होते.

आप्पांचं पिणं मी लहानपणी पाहिलेलं होतं. फौजेत लागलेली सवय, निवृत्त झाल्यावर वाढली. ते मारझोड करायचे नाहीत. प्यायले की कुठेतरी पडून राहायचे, एवढंच. मग आई आणि दादा त्यांना शोधायला जायचे. मी बारा वर्षांची असताना मला टायफॉइड झाला. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध आणायला गेलेले आप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी आले, रिकाम्या हातांनी. चिठ्ठीसुद्धा हरवून आले. माझ्या अंथरुणाजवळ बराच वेळ उभे राहिले आणि मग आईला म्हणाले, "मला त्या खोलीत घाल आन् बाहेरनं कडी लाव. मी काय बी बोललो तरी उघडू नगंस."

ह्याच भाड्याच्या घरात बैठकीला लागून एक अरुंद खोली होती. तिचं दार बैठकीत उघडायचं आणि गजांची एक खिडकी मागच्या बोळात. आईने कडी लावली, दारासमोर पोतं अंथरलं आणि सूप घेऊन ज्वारी निवडायला बसली. चार दिवस ती तिथून फक्त स्वयंपाकाला आणि माझ्या औषधाला उठली. खिडकीतून ती आप्पांना भाकरी आणि पाणी द्यायची. आप्पा आत ओरडले, रडले, तिच्या माहेराला शिव्या दिल्या, देवाच्या शपथा घातल्या. एकदा तर मेल्यासारखे तासभर गप्प राहिले. आई ज्वारी निवडत राहिली. निवडलेलीच पुन्हा निवडत होती, हे मला अंथरुणावरून दिसत होतं. पाचव्या दिवशी तिने कडी काढली. आप्पा बाहेर आले, नळावर आंघोळ केली आणि चहा मागितला. त्यानंतर सात वर्षं त्यांनी थेंबाला हात लावला नाही. आई गेली तेव्हा गावाकडची माणसं माझ्या कानात म्हणाली होती, आता बघ, पुन्हा धरणार. त्यांनी नाही धरली.

शनिवारी आप्पांची दुपारची पाळी होती. ते गेल्यावर आम्ही जेली करून बघितली. जेलीची चार लाल पाकिटं दादाने आणलेली होती. स्टोव्हवर पाणी उकळलं, त्यात पाकिटं सोडली, दादाने वरून रम ओतली. त्याचा हात सैल होता. बर्फात ठेवून दोन तास झाले तरी ते थिजेना. वाटी कलती केली की लाल पाणी नुसतं हलायचं. दादाचा चेहरा उतरला. तासगावचे पाव्हणे ह्यावर हसतील, असं तो दोनदा म्हणाला. मग त्याला आठवलं, की दारू जास्त झाली की ते धरत नाही, आणि म्हणूनच तो जिलेटिनचा डबा वेगळा आणला होता. आम्ही ते सगळं पुन्हा पातेल्यात ओतलं. डब्यातली पिवळट भुकटी आधी गार पाण्यात भिजवली, ती फुगली, तेव्हा तिला हाडं उकळल्यासारखा वास आला. मी नाक दाबून ढवळलं. ती जरा कोमट रसात विरघळली आणि तासाभरात वाटी उलटी केली तरी पडेना. दादाने बोट मारून बघितलं. जेली थरथरली. तो इतका खूश झाला की त्याने माझी वेणी ओढली, मी शाळेत असताना ओढायचा तशी.

एवढ्या वाट्या घरात नव्हत्या. मी आईच्या ट्रंकेतल्या काढल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला वाण म्हणून मिळालेल्या लहान लहान स्टीलच्या वाट्या, कुणाकुणाच्या घरच्या, तळाला वेगवेगळी नावं कोरलेल्या. आईने त्या कधी वापरल्या नव्हत्या. मला वाटलं, दादाच्या लग्नाचं काम आहे, आई काही म्हणाली नसती.

रविवारी सकाळी दादाने बर्फाच्या कारखान्यातून सायकलवर बर्फ आणला. भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेला. मोठ्या घमेल्यात तो फोडून घातला, त्यावर वाट्या मांडल्या, वर ओलं फडकं टाकलं. घमेलं बैठकीच्या कोपऱ्यात ठेवलं, कारण स्वयंपाकघरात चुलीची धग होती. अकरा वाजता दादा पाव्हण्यांना आणायला एस.टी. स्टँडवर गेला. मी मागच्या नळावर मटण धुवायला बसले.

आप्पा दोनला यायचे होते. पण आपल्या घरी पाव्हणे येणार आणि आपण नसणार, हे त्यांना बरं वाटेना. त्यांनी दुसऱ्या जमादाराला सांगून पाळी बदलून घेतली आणि उन्हातून सायकल मारत घरी आले. येताना पेढे आणले होते. हे मला नंतर कळलं, पुडा कोनाड्यात ठेवलेला दिसला तेव्हा.

मी मटणाचं पातेलं घेऊन आत आले तर आप्पा बैठकीत घमेल्याजवळ उकिडवे बसले होते. फडकं बाजूला होतं. त्यांच्या हातात एक वाटी होती, रिकामी, आणि ते ती वाटी तळापर्यंत बघत होते.

मला पाहून ते उठले नाहीत.

"ह्यात काय घातलंय?"

"जेली हाय आप्पा. दादानं आणली ती."

"जेली हाय ते दिसतंय. ह्यात काय घातलंय?"

"साखर," मी म्हणाले. "रासबेरी."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. मला वाटतं, मी आणखी काही वेळ खोटं बोलावं असं त्यांना वाटत होतं. मग त्यांनी वाटी हलकेच खाली ठेवली. त्यांचा हात दुसऱ्या वाटीपाशी गेला. बोटं बर्फावर टेकली. ती तिथे किती वेळ होती कुणास ठाऊक, बर्फाचं पाणी त्यांच्या मनगटावरून ओघळून शर्टाच्या बाहीत गेलं. मग हात मागे आला.

"पोरी," ते म्हणाले, "चल. कडी लाव."

"आप्पा, मी हे सगळं मोरीत ओतते. आत्ता ओतते."

"दादाचे पाव्हणे येत्यात. त्यानं एवढं केलंय. ओतू नगंस." ते उठून त्या अरुंद खोलीत गेले आणि आतून म्हणाले, "तुझ्या आईनं लावली हुती तशी लाव. पाव्हणे जाईस्तवर. मी काय बी बोललो तरी उघडू नगंस."

मी कडी लावली. माझा हात तेलकट होता, कडी दोनदा निसटली.

थोड्या वेळाने दादा पाव्हण्यांना घेऊन आला. तिघंही धिप्पाड, पांढरे कपडे घातलेले, मोकळं बोलणारे. थोरला भाऊ आत येतानाच आप्पांची चौकशी करत म्हणाला, "मामा कुठं हायत?" मी दादाला स्वयंपाकघरात बोलावलं आणि सांगितलं. त्याने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "खाल्ली? किती खाल्ली?"

"एक. दादा, जेली काढू नगंस. त्यांना नुसतं मटण घालू."

"आता घमेलं समोर दिसतंय त्यांना. काय म्हणून सांगू?" मग तो हळू आवाजात म्हणाला, "ऱ्हाऊ दे आत. मी सांगतो, साताऱ्याला गेल्यात म्हणून. तीन तासांचा तर प्रश्न हाय."

तो बाहेर गेला आणि म्हणाला, आप्पांना अचानक गावाकडे जावं लागलं, चुलते आजारी आहेत. पाव्हण्यांनी हळहळ केली. मग दादाने फडकं काढलं.

पाव्हण्यांना जेली फार आवडली. आधी त्यांना वाटलं लहान मुलांचा खाऊ आहे. थोरल्याने चमचा तोंडात घातला, डोळे मोठे केले आणि मांडीवर थाप मारली. "आरं गड्या! ही तर खायाची रम!" दुसरे दोघे तुटून पडले. दादा मेसमधल्या गोष्टी सांगू लागला. तो छान सांगायचा. मी दारात उभी राहून रिकाम्या वाट्या उचलत होते आणि माझा कान त्या बंद दाराकडे होता. आतून काहीच आवाज येत नव्हता. आपण वाचलो, असं मला पाच-दहा मिनिटं वाटलं.

मग दारावर एक टकटक आली. इतकी हळू की मलाच ऐकू आली असावी. "पोरी, पाणी."

मी तांब्या घेऊन मागच्या बोळात गेले. आप्पा खिडकीशीच उभे होते. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. त्यांनी गजांतून तांब्या घेतला आणि पाणी न पिता खाली ठेवला.

"एक वाटी दे," ते म्हणाले. "एकच. मग मी झोपतो."

"न्हाई आप्पा."

"आगं, जीभ चाळवून ठिवलीया. एका वाटीनं काय हुतंय? सात वर्सं झाली. आता काय मी तसा हाय व्हय?"

"तुमीच सांगितलंय, उघडू नगंस म्हणून."

"दार उघड म्हणतोय का मी? खिडकीतनं दे."

मी मान हलवली. मग ते फौजेतल्या आवाजात बोलले, हुकूम दिल्यासारखं, मी ताठ झाले इतकं. त्यानेही झालं नाही तेव्हा गजाला कपाळ लावून म्हणाले, "तुझ्या आईनं दिली असती. तिनं तवा दिली हुती, ठाऊक हाय का तुला? तिसऱ्या दिशी दिली हुती, ह्याच खिडकीतनं. तिला दया आली."

मला माहीत होतं ते खोटं आहे. मी चार दिवस तिथेच पडून होते. पण माझ्या अंगात ताप होता तेव्हा, मी झोपायचेही. खात्री कशाची देणार? आजही मला ते ठरवता येत नाही. मी तशीच मागे वळले आणि घरात आले.

मी आत पोचते तोच आप्पांनी दार ठोकायला सुरुवात केली. मुठीने, सारखं. बैठकीतलं बोलणं थांबलं.

"आत कोण हाय?" थोरल्या पाव्हण्याने विचारलं.

दादाच्या हातात वाटी होती, ती तशीच राहिली. मी म्हणाले, "आप्पा हायत. त्यांना बरं न्हाई."

"साताऱ्याला गेले म्हणाला न्हवं?" पाव्हण्याने दादाकडे पाहिलं. मग दाराकडे. "आन् कडी बाहेरनं?"

ह्या क्षणाचा मी पुढे इतका विचार केला आहे की आता तो क्षण खरा कसा होता तेच मला नीट आठवत नाही. एक वाक्य बोलायचं होतं. आप्पांना दारू सोसत नाही, त्यांनीच कडी लावायला सांगितली आहे, उघडू नका. एवढंच. दादा माझ्याकडे बघत होता आणि त्याची नजर म्हणत होती, बोलू नको. मुलीच्या भावासमोर, तारीख ठरायच्या दिवशी, सासरा दारुडा आहे हे कसं सांगायचं? आणि न सांगावं तर म्हातारा बाप कोंडून ठेवून दारू खाणारी पोरं आम्ही. दोन्हीकडून लग्न मोडत होतं. मी दारासमोर उभी होते, आई बसायची त्याच जागी, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही.

पाव्हणा उठला. चांगला माणूस होता तो, आजही म्हणते. "सरक ताई," तो म्हणाला. मी सरकले. त्याने कडी काढली.

आप्पा दारात उभे होते. केस पाण्याने चापून बसवलेले, तांब्यातलं पाणी त्यासाठी वापरलं असावं. शर्टाची गळ्यापर्यंतची बटणं लावलेली. "राम राम पाव्हणं," ते म्हणाले, अगदी सरळ आवाजात. "जरा पडलो हुतो. पोरांनी उगाच कडी लावली, वाऱ्यानं दार आपटतंय म्हणून."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तिघं त्यांच्या पाया पडले. त्यांना मधोमध बसवलं, पाठीमागे लोड दिला. आणि मग थोरल्या पाव्हण्याने घमेल्यातली एक वाटी उचलून आप्पांच्या पुढे धरली.

"मामा, तुमी घेतली का न्हाई? लय भारी केलीया लेकीनं तुमच्या."

आप्पांनी वाटीकडे पाहिलं. मग एकदा माझ्याकडे. ती नजर मला वाचता आली नाही. थांबव म्हणत होते की आत जा म्हणत होते? मी दादाकडे पाहिलं. दादा हसत होता. ओठ तेवढे हसत होते. तो म्हणाला, "घ्या की आप्पा, एक."

त्यांनी घेतली. चमच्याने नाही, वाटी तोंडाला लावून, एका दमात. पाव्हण्यांनी वाहवा केली. "फौजी माणूस हो!" दुसरी दिली. तिसरी त्यांनी स्वतः उचलली. मी मटण वाढत होते, भाकरी आणत होते, कांदा चिरत होते. प्रत्येक वेळी बैठकीत आले की आप्पांपुढे वाट्या वाढलेल्या असायच्या. आणि तशी ती दुपार फार मजेत गेली, हे सांगायला मला लाज वाटते. आप्पा रंगात आले होते. बर्फात रात्रभर खेचराला मिठी मारून झोपलेल्या एका शिपायाची गोष्ट त्यांनी सांगितली. पाव्हणे हसून हसून लोळले. मीही हसले. लग्नाची तारीख तिथेच ठरली. थोरला पाव्हणा निघताना आप्पांच्या गळ्यात पडून म्हणाला, "मामा, आमची पोरगी सोन्यासारख्या घरात पडली."

पाचच्या गाडीने ते गेले. दादा त्यांना पोचवायला गेला. घमेल्यात बर्फ वितळून पाणी झालं होतं आणि कलंडलेल्या एका वाटीतली जेली त्यात विरघळून पाणी गुलाबी झालं होतं. मी ते ओतायला उचललं तर आप्पा म्हणाले, "ठिव." मी ठेवलं. ते त्यात तांब्या बुडवून प्यायले. भुशाचे कण होते त्यात. मी तिथून उठून गेले नाही आणि त्यांना अडवलंही नाही. भिंतीला टेकून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी ते ड्यूटीवर गेले नाहीत. उरलेली बाटली दादाने शेजारच्या पडक्या जागेत नेऊन फोडली, पण आता बाटलीचा प्रश्न उरला नव्हता. त्यांना विश्रामबागेपासून मिरजेपर्यंतचे सगळे अड्डे अजून पाठ होते. आठ दिवसांनी दादाची सुट्टी संपली. स्टँडवर तो मला म्हणाला, "लक्ष दे गं." त्याचा दोष होता म्हणावा तर तो बाटली लपवायलाच बघत होता.

मी लक्ष दिलं. सगळं करून पाहिलं. एकदा ते झोपलेले असताना कडी लावली. जाग आल्यावर त्यांनी शांतपणे आतून सांगितलं, "आता उपेग न्हाई पोरी. तवा मी सांगितलं हुतं." मी उघडली. शपथ घातली, त्यांनी घेतली आणि तिसऱ्या दिवशी मोडली. कुणीतरी सांगितलेली पूड आमटीतून दिली तर त्यांना उलट्या झाल्या आणि मी रडत त्यांचं डोकं धरून बसले. दादाचं लग्न तासगावला थाटात झालं. आप्पा मांडवात आले नाहीत, वऱ्हाडाच्या ट्रकमागे झोपले होते. सोन्यासारखं घर म्हणणाऱ्या त्या भावाने त्यांना उचलून आत निजवलं आणि कुणाला काही बोलला नाही. त्याला काय कळलं, किती कळलं, मी कधी विचारलं नाही. वर्षभरात कारखान्याने आप्पांना काढून टाकलं आणि चुलते येऊन त्यांना गावी घेऊन गेले.

माझं लग्न पलूसला झालं. नागपंचमीला नाहीतर दिवाळीला मी एस.टी.ने साताऱ्याकडे जायचे आणि कोरेगावला उतरून चालत घरी पोचायचे. आप्पा कधी पारावर दिसत, कधी दिसत नसत. घरी असले तर माझ्याशी नीट बोलायचे, सासरचं विचारायचे. त्या रविवारचं कधी काढत नसत. माझ्या मनात मात्र तेच असायचं. एका दिवाळीला ते जरा शुद्धीत होते तेव्हा मी बोलून टाकलं.

"आप्पा, त्या दिवशी मी बोलायला पायजे हुतं. कडी उघडू द्यायला नको हुती."

ते ऊस सोलत होते. कोयता थांबला नाही. "काय बोलली असतीस?"

"आईसारखं. काहीतरी."

"तुझी आई काय बोलत न्हवती. गप बसायची," ते म्हणाले. "आन् दार मीच ठोकलं की. तू कशाला मधी येतीस?"

मला वाटलं होतं, बोलल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. त्यांनी मला माफ केलं होतं की त्या गोष्टीतून सरळ काढूनच टाकलं होतं, हे मला कळेना. आणि दुसरं जास्त लागलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात चुलत्यांचं कार्ड आलं: आप्पांनी सोडली आहे, महिना झाला. माझा विश्वास बसला नाही. मी लेकीला कडेवर घेऊन गेले. आप्पा खरंच गोठ्यात काम करत होते. अंग वाळलेलं होतं, पण डोळे स्वच्छ. मी विचारलं, कुणी सांगितलं, कुणाचं औषध घेतलं, देवाला काही बोललात का?

"काय की," ते म्हणाले. "सकाळी उठलो. नगं वाटली."

"बस? एवढंच?"

"मग काय सांगू?"

मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण त्याच्या आधी राग आला. चार वर्षं मी शपथा, पुड्या, उपास, नवस केले. त्यातलं काहीच ह्यात नव्हतं. मी धरू शकले नाही तेव्हा ते गेले, आणि परत आले तेही माझ्या धरण्याने नाही.

पुढे ते पुष्कळ जगले आणि पुन्हा प्यायले नाहीत. पण मी प्रत्येक भेटीला त्यांच्या पाया पडताना जरा वेळ वाकलेली राहायचे आणि उठताना त्यांच्या तोंडाजवळून उठायचे, वास घेत. मला वाटायचं, त्यांना कळत नाही. एकदा मी अशीच वाकले असताना त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं, तोंड जवळ आणलं आणि माझ्या तोंडावर मोठा श्वास सोडला. तंबाखू आणि कांदा.

"बघितलंस?" ते म्हणाले. "आता चा ठिव."

मी चहा ठेवला. पुढच्या खेपेला पुन्हा तशीच वाकले.